पालींसह बोट विकणे आहे

वर्तमानपत्राच्या कचेरीत किस्से शोधावे लागत नाहीत. एक चूक छापा, पुढचे किस्से आपले आपण जिना चढून येतात. आमची कचेरी भिलाईच्या सुपेला भागात, वेल्डिंगच्या दुकानावर. हिंदी दैनिकांत जन्मभर बातमीदारी केली, जवळपास प्रत्येक मालकाशी भांडलो आणि शेवटी भिलाई-दुर्गच्या मराठी माणसांसाठी हे चार पानांचं साप्ताहिक काढलं. आता भांडायला मालकही उरला नाही, म्हणून वाचकांशी भांडतो. त्यातही रामटेक्यांची बोट विकायला काढली त्या वर्षी जेवढं भांडलो, तेवढं निवडणुकीतही भांडलो नव्हतो.

आधी रामटेके कोण ते सांगतो. ते पोलाद कारखान्यातले निवृत्त वेल्डर, घर नेहरू नगरात. एका बातमीवरून माझी नोकरी गेली, तेव्हा पुढची नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्याच घरी जेवलो. शांतावहिनींनी ताट वाढताना कधी "किती दिवस?" असं विचारलं नाही.

निवृत्तीनंतर रामटेके मुलीकडे गोव्याला गेले. तिथे बसवेना म्हणून बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात कामाला लागले. तिथे एक म्हातारा परदेशी खलाशी भेटला. त्याची पोलादी, शिडाची, महासागर ओलांडलेली बोट रामटेक्यांनी सांधून दिली आणि मग त्याच्याबरोबर तिच्यातून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आले. म्हाताऱ्याची नजर गेली तेव्हा त्याने बोट यांच्याच नावावर केली. पुढे यांचे गुडघे गेले, हे भिलाईला परतले आणि बोट यार्डात राहिली. यार्डवाल्याने कळवलं, पावसाळ्याआधी न्या, नाहीतर कापून भंगारात देतो.

"भाऊ, माह्या जिवंतपणी तिले कापू देणार नाही मी," रामटेके मला म्हणाले. "जाहिरात टाका."

*

जाहिरात फोनवर उतरवून घेतली आमच्या अलकाताईंनी. अलकाताई आमच्या टायपिस्ट, वय पन्नाशीचं. घरी मराठी बोलतात, शिक्षण सगळं हिंदीत. मी एका लग्नासाठी नागपूरला होतो. परतलो तेव्हा अंक छापून झाला होता. त्यात असं होतं:

"वापरलेले मजबूत बोट विकणे आहे. समुद्र पाहिलेले. सोबत तीन पाली व एक मोठी कील."

हिंदीत शिडाला पाल म्हणतात, आणि रामटेक्यांनी फोनवर "तीन पाल" सांगितलं होतं. अलकाताईंनी त्याचं नीट अनेकवचन केलं. बोटीच्या पोटाखाली तिला उलटू न देणारा जड कणा असतो, त्याला खलाशी कील म्हणतात. पण आमच्या गावात कील म्हणजे खिळा. आणि बोट ही ती की ते, यात तर सगळंच आलं.

पहिला फोन दुर्गच्या एका निवृत्त गुरुजींचा.

"बोट कुणाचं आहे?"

"रामटेक्यांचं," अलकाताई म्हणाल्या.

"बरं. बाकीची नऊ शाबूत आहेत ना त्यांची?"

दुसरा फोन नेहरू नगरातल्या एका बाईंचा. "पाली कावून विकून राहिले तुम्ही? आमच्या स्वयंपाकघरातल्या फुकट घेऊन जा."

मी अलकाताईंवर उखडलो. भाषेचा सत्यानाश, मराठीची अवहेलना, सगळं बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, घरी पाल भिंतीवर होती, शाळेत बोटीवर. तुम्ही लोकांनी एकदा ठरवून सांगा, मी तिथं बसवते."

मी चहा मागवला.

*

पुढच्या अंकात मी स्वतः शुद्ध जाहिरात लिहिली. शीड, कणा, सागरगामी, सगळं जिथल्या तिथे. तिला फक्त भंगारवाल्यांचे फोन आले. एक तर थेट रामटेक्यांच्या घरीच गेला. मी तिथेच बसलो होतो.

"काका, पोलादी आहे ना? वजन किती भरेल?"

रामटेक्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुह्यं किती भरते?"

"माझं? कावून?"

"तुह्या घरच्याइले विचारतो, काय भावानं देतेत."

तो गेल्यावर रामटेके माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमची शुद्ध जाहिरात बंद करा. पालीवालीच छापा. तिले माणसांचे तरी फोन येत होते."

पत्रकारितेत माझा इतका अपमान कोणी केला नव्हता. छापली.

*

मग हायवेवर ढाबा टाकणारा एक तरुण आला. त्याला बोट ट्रेलरवरून आणून ढाब्यासमोर ठेवायची होती. आत टेबलं, वर दिव्यांच्या माळा.

"तिच्यात बसून लोकं काय खातीन?" रामटेक्यांनी विचारलं.

"पनीर, काका. आपलं सगळं व्हेज आहे."

"ते तुफानं खाऊन आलेली आहे, बापू. तिले पनीर सोसणार नाही."

तो बिचारा मनापासून आला होता. जाताना वहिनींच्या पाया पडला. यार्डातून मात्र दुसऱ्यांदा निरोप आला होता आणि उन्हं चढत चालली होती. रामटेके रात्री जेवत नाहीत, असं वहिनींनी मला दारात हळूच सांगितलं.

*

त्यातच रायपूरहून एका चॅनेलची पोरगी कॅमेरा घेऊन आली. कार्यक्रम अजब-गजब बातम्यांचा. रामटेक्यांना म्हणाली, "दादाजी, भिलाई में समंदर नहीं है, फिर नाव क्यों?" आणि कॅमेरामनकडे बघून हसली.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बेटी, तुम्हारे चॅनेल पर रोज ईमानदारी की बात होती है. हम पूछने आए, क्यों?"

मुलाखत तिथेच संपली. रामटेके मात्र माझ्यावरच चिडले. "त्या पोरीले चहा तरी पिऊ द्यायचा होता, भाऊ. तिनं बोटीचा फोटो मागतला होता. आजवर कोणी मागतला?"

*

पालीवाली जाहिरात तिसऱ्यांदा छापली तेव्हा खोब्रागडे आले. रेल्वेतून निवृत्त झालेले लोको पायलट. त्यांची बायको जाहिरात मोठ्याने वाचून हसत होती. हसता हसता "समुद्र पाहिलेले" या शब्दांवर थांबली आणि म्हणाली, "आपण नाही पाहिला अजून." दोघं तशीच निघून आली.

रामटेक्यांनी मुलीच्या सोयरिकीला घेतली नसेल इतकी कडक मुलाखत घेतली. पोहता येते का? येते. उलट्या होतेत का? माहीत नाही. बाई जाणार का? बाईच म्हणाल्या, "यायले सोडून मी इथं काय करू?"

"अन् जाणार कुठं?"

खोब्रागड्यांनी कप खाली ठेवला. "काका, जन्मभर गाडी चालवली. पण वळवाची म्हणजे ते रूळ ठरवेत. मले एकदा आपल्या हातानं वळवून पाहाचं हाय."

रामटेके आत बघून म्हणाले, "शांता, यांच्या चहात साखर कमी पडली वाटते. दुसरा टाक."

वहिनी चहा टाकायला उठल्या नाहीत. पदराने डोळे पुसत बसल्या. बोट विकली गेली होती. मी कचेरीत परतलो आणि अलकाताईंना म्हटलं, "तुमची चूक बरोबर होती." त्या म्हणाल्या, "हे पण छापा." हे घ्या, छापतो. आभारासकट.

*

यार्डवाल्याने नव्या मालकांना मुदत दिली. पावसाळा संपल्यावर रामटेके गोव्याला गेले, महिनाभर दोघांना शिकवून परतले. त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही सिविक सेंटरच्या बाजारात पोह्यांच्या गाडीवर उभे होतो. वहिनी, ते आणि मी. त्यांचा फोन वाजला. खोब्रागडे नवरा-बायको पहिल्यांदाच दोघंच बोट बाहेर घेऊन गेले होते. परतताना इंजिन बंद पडलं. वारा जमिनीकडून, म्हणजे थेट तोंडावर. आणि बोट मागे सरकत होती.

"मागं पाण्यातले खडक दिसून राहिले, काका." स्पीकरवर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

रामटेक्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. "खडकाकडे पाहू नका. वारा कोणत्या गालाले लागून राहिला?"

"दोन्हीले."

"मंग समोर जाऊ नका. तिरपे जा. उजव्या गालाले लागू द्या." ते स्वतः रस्त्याकडे तिरपे वळले. डोळे मिटले. "शीड ओढा. अजून. फडफड थांबली?"

"थांबली."

"चालू द्या. चालू द्या. आता वळा. डोकं खाली, शिडाचा दांडा फिरते. बाईले सांगा." भर बाजारात रामटेके खाली वाकले आणि दुसऱ्या बाजूला वळले. गुडघ्यांची आठवण त्यांना नव्हती. "आता डावा गाल."

असे ते वळत राहिले, एकदा मिठाईच्या दुकानाकडे, एकदा बँकेकडे. लोक जमले. शेजारी ऑटोवाला इंजिन चालू ठेवून सवारीची वाट पाहत होता. त्याने बराच वेळ ऐकलं आणि मदत केली. "चाचा, उनको बोलो सुपेला चौक से यू-टर्न मार ले. आगे रोड बंद है."

कोणी हसलं नाही. वहिनींनी माझा दंड धरला होता.

"धक्का दिसला, काका."

"जवळ जाऊ नका. शीड सोडा. नांगर टाका."

साखळी खडखडत गेली. मग काहीच ऐकू येईना. मग बाईंचा आवाज आला, "थांबली, काका. थांबली. ठेवते आता फोन."

"ठेवू नको, माय," रामटेके म्हणाले. "तसाच राहू दे जरासा. पाण्याजवळ धर."

त्यांनी फोन कानाला लावला, मग वहिनींच्या कानाला.

ऑटोवाल्याने इंजिन बंद केलं.