दांड्याचा दुसरा फटका

शालनच्या अंगावर कायम एक तरी वळ असायचा. तळवलीजवळच्या त्या भंगार प्लास्टिकच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी शब्द काढत नव्हतं. कारण मारणारा तिचा नवरा जोतीराम त्याच पाळीला, त्याच मशीनवर कामाला. साताऱ्याकडून जोडीनं आलेली माणसं, कामाला वाघ. मग काय, घरचं घरात म्हणून सगळे मोकळे.

जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या खोक्यांचा चुरा त्या मशीनच्या पिंपात घुसळला, की कण एकमेकांवर घासून त्यांत वीज भरते. मग तो दोन पत्र्यांमधून खाली सोडायचा. आग लागू नये म्हणून औषध घातलेलं प्लास्टिक एका पत्र्याकडे ओढलं जातं, चांगलं दुसरीकडे. औषधवालं चुकून खेळण्यांत गेलं तर पोरांच्या तोंडात विषच. आणि ते पत्रे असे लबाड, की बटण बंद केल्यावरही त्यांच्यात जीव घेण्याइतकी वीज दबा धरून बसते. म्हणून आधी तांब्याच्या टोकाचा, जमिनीला तार जोडलेला दांडा लावून ती उतरवायची आणि मगच हात घालायचा.

खंडेनवमीला नुकत्याच बंद केलेल्या मशीनची पूजा होती. झाकण उघडून आतल्या पत्र्याला सुवासिनीनं हार घालायचा, हा तिथला रिवाज. झेंडूचा ओला हार घेऊन शालन आधी दांड्याकडे वळली, तेवढ्यात सकाळीच दारू टाकून आलेल्या जोतीरामनं सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात ठेवून दिली.

"हार घालाय बी काठी लागती व्हय तुला? आन हिकडं."

तिचा ओठ फुटला. हार हिसकावून तो पत्र्याकडे निघाला.

खोटं कशाला सांगायचं, शालन क्षणभर उभीच राहिली. जाऊ दे मेल्याला, असं तिच्या मनात आलंच. अजून एक पाऊल, की जन्माची सुटका होती.

मग तिनं दांडा उचलला आणि त्याच्या मनगटावर असा हाणला, की हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. हार खाली पडला. जोतीराम हात धरून गुडघ्यांवर बसला. तिनं दांडा पुन्हा उगारला आणि त्याच्या थोबाडावर दिला. रक्ताबरोबर दात फरशीवर पडले.

आता तिनं दांडा पत्र्याला लावला. काडकन निळी ठिणगी उडाली आणि जमलेल्यांचे चेहरे पांढरेफटक पडले.

सुपरवायझर रणजीत कसाबसा म्हणाला, "वहिनी, वाचवलंत त्याला. पण हार तर पहिल्याच फटक्यात पडला होता. दुसरा कशाला?"

शालननं पदरानं ओठ पुसला.

"पहिला त्याच्यासाठी व्हता," ती म्हणाली. "दुसरा माझा."

आणि खाली पडलेला हार उचलून तिनं पत्र्याला घातला.