टेम्पेस्टची मानाची जागा

अँब्रोज पेल्की तसा बेधडक गडी. मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या जुन्या करमणुकीच्या पार्कात टेम्पेस्ट नावाचा लाकडी रोलर कोस्टर आहे, त्याचा हा सुतार. सत्तावीस वर्षं रोज सकाळी हातोडी घेऊन रुळांवरून चालायचा. ऐंशी फुटांवर, खाली समुद्र, आणि हा आपला शिट्टी वाजवत बोल्ट ठोकतोय, परसात फिरावं तसा.

पण टेम्पेस्टच्या गाडीत तो जन्मात बसला नव्हता. घाबरायचा, दुसरं काय! चालताना पाय आपल्या ताब्यात. गाडीत बसलं की सगळं तिच्या हवाली.

आता पार्कातला रिवाज असा, की हिवाळ्यात ज्यानं फळ्या बदलल्या, त्याच्या घरचं कुणीतरी मे महिन्यात पहिल्या फेरीला पुढच्या बाकावर बसलंच पाहिजे. सुताराचंच घर बसत नसेल तर लोकांनी का बसावं? अँब्रोजच्या घरून दरवर्षी त्याची बायको ओडील बसायची. "मानाची जागा बायकोलाच द्यावी," असं हा ऐटीत सांगायचा, आणि लोकांना ते पटायचंही.

यंदा ओडीलच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. ती कुबडी टेकून फलाटावरच्या बाकावर बसली होती, मांडीवर व्हिनेगर शिंपडलेल्या फ्राइजचा डबा. फाटकाबाहेर माणसं ताटकळलेली.

"काय रे अँब्रोज," ब्रेकच्या दांड्याशी उभा असलेला सिरिल म्हणाला, "मानाची जागा रिकामी दिसतेय. फळ्या कच्च्या बसवल्यास की काय?"

फलाटावरचे सगळे कामगार हसले. अँब्रोजला घाम फुटला. आज माघार घेतली तर सत्तावीस वर्षांचं नाव मातीत जाणार होतं.

"जा," ओडील म्हणाली. "डोळे मिटलेस तरी चालेल. मी कुणाला सांगणार नाही."

"तू सगळ्या गावाला सांगशील."

"सांगेनच."

बसला बिचारा. साखळीनं गाडी वर खेचली आणि सोडून दिली.  मेरीमातेला हाका मारत तो असा केकाटला, की फलाटावरची माणसं पोट धरून हसली. आणि तिसऱ्या वळणावर बुडाखाली काहीतरी वाजलं. टक्.

अँब्रोजनं डोळे उघडले. केकाटायचं राहूनच गेलं.

गाडी फलाटाला लागली. सिरिल काहीतरी खोचक बोलणार, एवढ्यात अँब्रोज म्हणाला, "उतरत नाही मी. परत सोड."

"डोकं फिरलं का तुझं?"

"तिसऱ्या वळणावर टकटक आहे. सोड म्हणतो ना!"

तीन फेऱ्या मारल्या त्यानं. तिसरीला तर दांडी धरायचंही भान नव्हतं, नुसता कान लावून बसलेला. मग खूण करायला खडू घेऊन वर चढला. रुळाखालची पाचर अंगठाभर सरकली होती. नवी ठोकली, आणि अर्ध्या तासानं फाटक उघडलं.

तो धावतच ओडीलकडे आला. चेहरा लालबुंद, आनंद नुसता ओसंडत होता. "अगं, पाचर सरकलेली! चालताना कळणारच नाही, खाली उभं राहून ऐकलं तर नुसता खडखडाट. धावत्या गाडीत बसलं तरच ऐकू येतं!"

"तिसऱ्या वळणावरची ना?" ओडीलनं फ्राय तोंडात टाकला. "चार वर्षं वाजतेय ती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असणार. सुतार तू." तिनं डबा बाजूला ठेवला. "आणि फेरी कशी झाली, असं कधी विचारलंस मला?"

 सत्तावीस वर्षांत अँब्रोजनं खरोखरच एकदाही विचारलं नव्हतं. गाडी परत आली, बायको धड उतरली, की तो सुटकेचा श्वास टाकून कामाला लागायचा.

तो तिच्या शेजारी टेकला.

"सांग," म्हणाला. "पहिल्या उतारापासून सांग."