रेघ आली, आवाज नाही

रांजणगावच्या त्या गल्लीत रूपाला सगळे 'पोलीसकाकू' म्हणतात. ती दूध बोटावर घेऊन बघते, रिक्षात बसायच्या आधी वाकून टायर बघते आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारते, "भाऊ, हे आत्ताचं की सकाळचं?" नवरा कचरू तर येईल त्याला सांगतो, "आमच्या लग्नात हिनं मंगळसूत्र आधी दाताखाली धरून बघितलं, मग गळ्यात घालू दिलं."

लेकीनं, प्रेरणानं, नोकरी लागल्यावर नवीकोरी मोटारसायकल दारात आणली, तेव्हा पेढ्यांच्या आधी तपासणी झाली.

"आई, हार तरी सुकू दे."

"हार राहू दे. पुढचा ब्रेक दाब."

प्रेरणानं गाडी ढकलत ब्रेक दाबला. पुढच्या चाकापाशी 'खट्' झालं.

"हे काय?"

"नवीन आहे. बोलायली जराशी."

"गाडी बोलत नसती. काहीतरी हलायलंय तिच्यात."

दोघी शोरूमला गेल्या. तिथल्या मेकॅनिकनं उकिडवं बसून बोट दाखवलं. "काकू, बोल्टावर ही पिवळी रेघ दिसती का? बोल्ट पूर्ण कसला की मगच ही ओढतात. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटती. तुटली का? नाय. मग?"

हे रूपाला शिकवायची गरज नव्हती. वाळूजच्या ज्या शेडमध्ये ती कामाला जाते, तिथं मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकचेच भाग जोडतात. शेजारची साळूबाई मशीनच्या पान्यानं बोल्ट कसते आणि वर रेघ ओढते. रूपा रेघ बघते, तुकडा पेटीत ठेवते. पेट्या गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात जातात. रेघ दिसली की माल पास.

"एकदा पाना लावून बघा की," ती म्हणाली.

"रेघ नीट असताना हात लावला तर आमच्या अंगावर येतं, काकू."

"चल ना आई," प्रेरणा पुटपुटली. "चारचौघांत लाज काढायलीस."

गल्लीच्या तोंडाशी पुंडलिकचं गॅरेज. रूपानं गाडी तिथं उभी करायला लावली. पुंडलिकनं हसत पाना लावला, आणि त्याचं हसू गेलं. जोर लावावाच लागला नव्हता. बोल्ट बाटलीच्या झाकणासारखा फिरला.

"वैनी, नगर नाक्याच्या गर्दीतून पोरगी ह्याच्यावर जाणार व्हती?"

प्रेरणानं गाडीची किल्ली काढून आईच्या हातात दिली. पुंडलिकनं दोन्ही बोल्ट आवळून दिले, पण रूपाचं तिकडं लक्ष नव्हतं. बोल्ट ढिला होता आणि रेघ सरळ होती. म्हणजे कुणीतरी न कसताच ती ओढली होती. कुठल्या शेडमध्ये? कुणी? त्या तुकड्यावर कंपनीचा शिक्का होता, ओढणाऱ्याचं नाव थोडंच असतं!

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती कान लावूनच. मशीनचा पाना बोल्ट पूर्ण कसला की 'कट्' असा आवाज देतो आणि हाताला झटका मारतो. शेजारी बसून इतकी वर्षं तो आवाज रूपानं ऐकला होता, पण मोजला कधीच नव्हता. दूधवाल्यावर, सोनारावर, नवऱ्यावर संशय घेणाऱ्या रूपानं साळूबाईवर कधी घेतला नव्हता. रूपाला ही नोकरी साळूबाईनंच लावून दिली होती.

"काय गं, अशी काय बघायलीस? सून पसंत करायला आल्यासारखी?"

"काय नाय. प्रेरणानं गाडी घेतली."

"आन् पेढे?"

"आणते."

कट्. रेघ. कट्. रेघ. रूपाला आपलीच लाज वाटायला लागली.

जेवणाच्या सुट्टीनंतर साळूबाईनं मनगट दाबलं, मशीनचा पाना बाजूला ठेवला आणि हातातल्या साध्या पान्यानं बोल्ट फिरवला. रेघ आली. आवाज नाही. पुढचा तुकडा. रेघ. आवाज नाही.

रूपाचा हात सवयीनं पेटीकडं गेला आणि तिथंच थांबला. हळूच कानात सांगावं? सांगितलं तर आज नीट कसेल. उद्याचं काय? आणि साहेबांना सांगितलं तर साळूबाई ठेक्यावरची, संध्याकाळी घरी. पण या पेटीतल्या तुकड्यावर कुणाची तरी प्रेरणा बसणार होती.

तिनं डोक्यावर लोंबणारी, लाईन थांबवायची लाल दोरी ओढली.

भोंगा वाजला. सगळी लाईन थांबली. सुपरवायझर ऋतुराज सर धावत आले. "कुणी ओढली?"

"मी. बोल्ट ढिला आहे."

"अहो, रेघ आहे ना वर!"

"रेघ आहे, सर. बोल्ट फिरवून बघा."

सरांनी फिरवला. मग दुसरा. मग पेटीतला वरचा.

साळूबाई जागची हलली नाही. "मला आधी बोलायचं व्हतंस, रूपे."

"बोलले असते तर तू 'नाय' म्हणाली असतीस. आन् मी तुझं ऐकलं असतं."

"बरं," सर दबक्या आवाजात म्हणाले, "आजचा माल बाजूला घेतो. चला, लाईन चालू करा."

"आन् कालचा?"

"कळवतो मी तिकडं."

"कवा?"

"कळवतो म्हणलं ना!"

"आत्ता लावा फोन. माझ्यासमोर. स्पीकरवर टाका."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"नाय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. सरांनी मोठ्या कारखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस काहीतरी चघळत होता. कालच्या पेट्या वापरू नका म्हटल्यावर तो म्हणाला, "सगळ्या? आमचं काम थांबंल ना, साहेब."

"सगळ्या."

रूपा फोनवर वाकली. "भाऊ, लाल पट्टी लावा त्याच्यावर. नुसत्या बाजूला ठेवल्या तर कुणीबी उचलतं."

"कोण बोलतंय?"

"पेट्या भरणारी."

सर फोन ठेवणार, तेवढ्यात साळूबाई उठून आली. सुजलेलं मनगट तिनं दुसऱ्या हातात धरलं होतं. रूपाकडं न बघता ती फोनपाशी झुकली.

"भाऊ, आधीच्याबी धरा. गेल्या हप्त्यापासूनच्या. हा हात तवापासून दुखायलाय."

पलीकडचं चघळणं थांबलं. "बाई, त्या तर गाड्यांना लागल्या. गाड्या निघायल्या."

"मग गाड्या थांबवा," साळूबाई म्हणाली.