बसलेलं इंजिन

माझी गाडी लाल आहे, दोन दारांची आणि दोनच सीटची. चौदा वर्षांपूर्वी मी ती सेकंडहँड घेतली, तेव्हापासून बदलापूरला खरवईतल्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाने एकदा तरी विचारलंय, "मॅडम, मागची सीट कुठाय?" मागची सीट नाही म्हणूनच घेतली, असं मी सांगते. शाळेत दिवसभर साठ-साठ मुलं समोर असतात. गाडीत एक माणूस पुरे, आणि ते माणूस मी असले की झालं.

अशा स्पोर्ट्स कार फारशा निघाल्याच नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी बारवी धरणाकडच्या चढावर ती दम टाकायला लागली आणि आरशात मागे निळा धूर दिसला, तेव्हा आता हिचे भाग कुठून आणायचे, हेच आधी मनात आलं. मी गाडी तशीच हळूहळू उल्हासनगरला मेकॅनिक काकांकडे नेली.

काका सिंधी, सत्तरी पार केलेले. गाळा जेमतेम एक गाडी मावेल एवढा. गाडीला दहा वर्षं दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. पण मोतीबिंदूमुळे त्यांनी दोन वर्षांपासून इंजिनाचं काम बंद केलं होतं. ब्रेक, क्लच असलं काहीतरी हाताच्या अंदाजाने करत बसायचे. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांनी इंजिन तपासलं, हात पुसले आणि म्हणाले, "टीचर, बोअर घिस गया, पिस्टन ढिला फिरतोय. दोन रस्ते आहेत. एकतर जुनं दुसरं इंजिन शोधा, नाहीतर मी हे खोलून नवं बांधतो."

दुसरा रस्ता सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. मुलाला गाळा हवा होता, मोबाईलच्या कव्हरांसाठी. त्याचंही चूक नव्हतं, बाप बसून राहिला तर गाळा कशाला अडवायचा? ऑपरेशननंतरचं पहिलं इंजिन नीट झालं तर काम चालू, नाही झालं तर किल्ल्या मुलाच्या हातात, असं दोघांचं ठरलं होतं. "और पहला आपका है," ते म्हणाले, आणि लगेच, "आपको ठीक लगे तो."

माझा धाकटा भाऊ अंबरनाथला एमआयडीसीत कामाला आहे. त्याला हे सांगितल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "ताई, तू काय समाजसेवा करतेयस काय? कल्याण-बदलापूर रोडला भंगारवाल्याकडे सेम मॉडेल आलंय, ॲक्सिडेंटची गाडी. मागून चेपलीये, पण इंजिन एकदम मस्त आहे. टाक आणि मोकळी हो ना!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसरं इंजिन दोन दिवसांत बसलं असतं. पण मी गणित शिकवते. शेजारच्याच्या वहीतलं उत्तर बरोबर असलं तरी मी त्याला मार्क देत नाही, पायऱ्या दाखव म्हणते. त्या इंजिनाने आजवर काय काय सोसलंय हे भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. शिवाय आरसी बुकात माझ्या इंजिनाचा नंबर होता. नंबर बदलला की आरटीओच्या चकरा आल्या, आणि आरटीओत मी भांडणार हे ठरलेलं. मी काकांना म्हटलं, "बांधा."

ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांचं "आपको ठीक लगे तो" माझ्या डोक्यातून जात नव्हतं, हेही खरं.

मग महिनाभर मी शाळा सुटली की स्कूटर काढून तिकडे जायची. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, अंबरनाथहून बोअर मारून, आतून नव्याने कोरून आला. काकांनी जुन्या चादरीवर एकेक भाग धुऊन, पुसून ओळीने मांडला होता. प्रत्येकापुढे खडूने आकडा. मला ती चादर फार आवडली. माझ्या वर्गात इतकी शिस्त कधी दिसली नाही.

आणि मग एका शनिवारी मी नको ते पाहिलं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या टोप्या असतात, प्रत्येकीवर नंबर असतो, आणि त्यांची अदलाबदल झाली की सगळं वाया जातं. काकांनी तीन नंबरची टोपी उचलली आणि दोनच्या जागी ठेवली. पाना उचलला. मग थांबले, टोपी काढून उजेडाकडे धरली, आणि गुपचूप बदलली. "देखा नहीं ठीक से," ते स्वतःशीच म्हणाले. मी पाहिलंय हे त्यांना कळलं नसावं.

चूक त्यांची त्यांनीच सुधारली होती. वर्गात मी अशा मुलाला शाबासकी देते. पण तिथे मला शाबासकी सुचली नाही, भीती वाटली. अशा आणखी किती टोप्या मी नसताना बसल्या असतील? बाहेर येऊन मी भावाला फोन केला, "ते भंगारवाल्याचं इंजिन विकू नको म्हणावं. काढून बाजूला ठेवायला सांग." काकांना यातलं काही बोलले नाही. वर दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातचा चहा प्यायले. मला स्वतःचाच राग येत होता, पण भावाला परत फोन करून नको म्हणावं इतकाही तो राग नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी मी चाचणीचे पेपर तपासत बसले होते. काकांचा मेसेज आला. ते मोबाईलशी बोलतात आणि मोबाईल लिहितो. दोनच ओळी होत्या:

"इंजन बैठ गया.
आ जाओ."

आता आमच्या भागात इंजिन बसलं म्हणजे काय, हे रिक्षावाल्याला विचारा नाहीतर भाजीवाल्याला. इंजिन बसलं म्हणजे संपलं, राम म्हटला. मी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. आधी गाडी डोळ्यांपुढे आली, मग ती चादर, मग सोमवार. इंजिन फसलं तर सोमवारपासून मुलगा गाळ्यात रॅक ठोकणार, हे काकांनीच सांगितलं होतं. मी त्या म्हाताऱ्या माणसाला नसता भरवसा दिला आणि तोंडघशी पाडलं, असंच मला वाटलं.

मी भावाला फोन करून म्हटलं, "पाठव ते इंजिन. आत्ता. टेम्पोने, थेट गाळ्यावर."

"मी काय म्हणत होतो!" तो म्हणाला. मी फोन आपटला.

बदलापूर ते उल्हासनगर स्कूटर कशी चालवली, मला आठवत नाही. त्यांना काय बोलायचं, याचीच जुळवाजुळव चालली होती. पोचले तर काका दारातच उभे. धुतलेला शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. बेंचवर गाळ्याच्या किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवलेला. आणि गाडीचं बॉनेट उघडं, आत माझं इंजिन, साखळी-पुलीवरून उतरून आपल्या जागेवर बरोबर टेकलेलं.

"देखो टीचर," ते म्हणाले, "कसं बसलंय. एक सूत इकडे नाही, तिकडे नाही."

बसलंय! म्हणजे जागेवर बसलंय. मी स्टुलावर टेकले. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. "स्टार्ट नाही केलं," काका म्हणाले, "आपके लिए रुका हूँ." मी हसले, आणि हसता हसता मला टेम्पो आठवला. भावाला फोन लावला, तो लागेना. त्याचं कुणाला तरी 'मी म्हणत होतो' चाललं असणार. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला.

टेम्पोवाला उतरला. "मॅडमचं इंजिन कुठे उतरवायचं?"

काका बाहेर आले. त्यांनी हौद्यातल्या इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जमिनीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हात लावून ते इंजिन सगळीकडून पाहिलं, ऑइलचं झाकण उघडून वास घेतला. "अच्छा माल है," ते म्हणाले. "हे टाकलं असतं तरी चाललं असतं." मग आत येऊन त्यांनी गाडीची चावी माझ्या हातात दिली. "आप सेल्फ मारो."

पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही, इंजिनाकडेच पाहत राहिले. तिसऱ्यांदा ते खोकलं, आणि चालू झालं. आधी अडखळत, मग सरळ. मागे जाऊन पाहिलं तर निळा धूर नाही. काकांनी तळहात वरच्या झाकणावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"काका," मी म्हटलं, "माझा विश्वास बसला नव्हता."

"मेरा भी नहीं था," ते म्हणाले. "वो तीन नंबर की टोपी के बाद तो बिलकुल नहीं." मग डोळे पुसत म्हणाले, "पाचशे किलोमीटर जोरात नका चालवू. पिस्टन की नई रिंगें हैं, बसायला वेळ लागतो."

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवण्यासारखं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

बाहेर टेम्पोवाला ताटकळला होता. इंजिन परत न्यायचंय म्हटल्यावर तो दोन शब्द पुटपुटला आणि त्याने टेम्पो चालू केला. काकांनी मान तिरकी करून ऐकलं. बेंचवरचा जुडगा उचलून शर्टाच्या खिशात टाकला आणि दारात गेले.

"ए, रुक," ते म्हणाले. "तुझ्या टेम्पोचा आवाज बरोबर नाही. कल लेके आ."

"कल सोमवार है. किती वाजता?"

"दस बजे," काका म्हणाले. "मैं इधरही रहता हूँ."