एकनाड आणि मेमरीची डबी

मामा बोटीवर होता. त्यानं आणलेला कॉम्प्युटर टीव्हीला जोडावा लागे आणि त्याची मेमरी होती एक के, म्हणजे एका अंतर्देशीय पत्रात मावेल एवढा मजकूर. तरी आमच्या आळीत कॉम्प्युटरवाला मी एकटाच, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे.

ताईचं लांज्याच्या एका मास्तरांशी जमलं होतं. जमलं म्हणजे तिनंच जमवलं होतं. वडिलांनी पंचांगवाल्या गुरुजींचं नावही न काढता दोन पत्रिका माझ्यापुढे टाकल्या. "तुझं यंत्र काय म्हणतं, बघ." वडील हायस्कुलात विज्ञान शिकवत. मला वाटलं, विज्ञान जिंकलं.

पंचांगातलं गुणमेलन मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत बसवायला घेतलं. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण कसेबसे मावले. नाडी सगळ्यात शेवटी, तिच्या आठ गुणांना जागाच उरेना. मग मी येईल त्या जोडप्याला ते आठ गुण खिरापतीसारखे वाटून टाकले. ताई आणि मास्तर: सव्वीस! वडिलांनी आळीभर सांगितलं, पालीच्या आत्याला पत्रानं कळवलं. लांज्याची मंडळी सुपारी फोडायला कधी येणार, तेही ठरलं.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मामा पुढच्या सुट्टीत सोळा के मेमरीची डबी घेऊन आला. ती यंत्राच्या पाठीत खुपसायची. टेबलाला नुसता गुडघा लागला तरी डबी हलायची, टीव्ही पांढरा पडायचा आणि टाइप केलेलं सगळं गायब. तीन दिवस मी श्वास रोखून टाइप केलं. या वेळी नाडीसकट.

सुपारीच्या आदल्या दिवशी मी ताईला आणि वडिलांना टीव्हीपुढे बसवलं. "आता खरं गणित बघा." अठरा आले. काठावर पास म्हणता आलं असतं, पण खाली इंग्रजी अक्षरांत उमटलं: एकनाड. दोघांची नाडी एकच. आमच्या भावकीत यावर ठरलेली लग्नं मोडलेली होती.

"मेल्या, तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?" ताई रडायलाच लागली.

"पण ताई, हे बरोबर आहे!"

याहून मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही.

वडील सावकाश चष्मा पुसत होते. "एकनाड आहे ती," ते म्हणाले. "गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला."

"मग सव्वीस आले तेव्हा बोलला नाहीत?" मी विचारलं.

"कशाला बोलू? पोरीनं माणूस चांगला निवडलाय रे. पण तुझ्या आत्यापुढे माझं काय चालतंय? परदेशातलं यंत्र बोललं, म्हणून गप्प बसली सगळी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात सगळ्यात हुशार मीच, अशी माझी समजूत होती.

"ती डबी काढ," वडील म्हणाले. "उद्या आत्या आल्याआल्या यंत्र बघायला मागेल."

मी डबी उपटली आणि कॅसेटवर टेप करून ठेवलेला जुना प्रोग्रॅम परत चढवला. ताई डोळे पुसत माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि सव्वीस येईपर्यंत हलली नाही.