फक्त पहिल्या खेपेचे पत्ते

कोणताही खेळ त्याच्या मूळ, शुद्ध रूपातच खेळला पाहिजे, यावर माझी गाढ श्रद्धा आहे. मूळ पत्ते माझ्याकडे असल्यामुळे ती अधिकच गाढ झाली.

हे पत्ते म्हणजे बबलगमच्या पुड्यात मिळणारे परदेशी पहिलवान. गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्या सुमारास ते आमच्या आसगावच्या दुकानात आले आणि गावभरच्या पोरांचे दात किडवून गेले. खेळ सोपा. दोघांनी आपापल्या गड्डीतला वरचा पत्ता धरायचा. एकानं वजन, उंची किंवा छाती यांपैकी काहीतरी पुकारायचं. ज्याचा आकडा मोठा, त्यानं समोरच्याचा पहिलवान न्यायचा. पहिल्या खेपेतले पहिलवान माणसासारखे होते. पुढच्या खेपांमध्ये त्यांची वजनं अशी वाढत गेली, की शेवटचे काही बैलबंडीतून न्यावे लागले असते. हे सगळे अवजड पहिलवान माझा चुलतभाऊ प्रशांत याच्याकडे होते. म्हणून मी नियम काढला: फक्त पहिल्या खेपेचे पत्ते. (जगातली बरीच तत्त्वं अशीच निघाली असावीत, असा मला संशय आहे.)

आम्ही दोघं तिशीला टेकलो तरी दर मंडईला हा सामना होई. मी नागपूरला कॉलेजात शिकवत होतो, प्रशांतचं लाखांदूरला बी-बियाण्यांचं दुकान होतं, आणि दोघांचीही लग्नं व्हायची होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात ते दंडारीचं लोकनाट्य पाहायला, असं सांगतात. प्रत्यक्षात लग्नाची पोरं पाहायला येतात. त्या वर्षी नाकाडोंगरीचे मामा माझ्यासाठी एक स्थळ घेऊन येणार होते. मुलीचा फोटो मी पाहिला होता आणि तो परत द्यायला विसरलो होतो. यावरून काय समजायचं ते आईनं समजून घेतलं होतं.

पाहुणे संध्याकाळी येणार होते. त्यांना लवकरची बस मिळाली. मुलीचे वडील एसटीतून निवृत्त झालेले वाहक. भर दुपारी ते मामांसोबत आमच्या बाहेरच्या खोलीशी पोचले, तेव्हा वाऱ्यानं पत्ते उडू नयेत म्हणून आम्ही दार लोटून घेतलं होतं. आतून माझा आवाज येत होता, "एकशे चाळीस! टाक इकडे!"

मंडईच्या दिवसांत बंद दाराआड असा आवाज आला, की त्याचा गावात एकच अर्थ होतो. मामांनी तातडीनं सांगितलं, पोरं हिशेब करून राहिलीत, आणि दार ढकललं.

त्या क्षणी प्रशांतनं एक गोष्ट केली. त्यानं सगळे पत्ते सतरंजीखाली सारले आणि वर मांडी घालून बसला. मुलीचे वडील पुढे आले. आयुष्यभर बिनतिकीट माणसं हुडकलेला तो गृहस्थ. त्यांनी शांतपणे सतरंजीचा कोपरा उचलला, एक पत्ता काढला आणि चष्मा लावला. पत्त्यावर लांब केसांचा, तोकड्या चड्डीतला एक धिप्पाड इसम त्यांच्याकडे पाहून ओरडत होता.

"हे काय होय?"

प्रशांत खाली पाहत राहिला. मी मात्र मास्तर. मी समजावलं. हा जुगार नव्हे, आम्ही पैसे लावत नाही. हे बबलगमातले पत्ते. तेही सरसकट नाहीत. नंतरच्या खेपांनी खेळाचा समतोल बिघडवला, म्हणून आम्ही फक्त पहिल्या खेपेचे ग्राह्य धरतो. बोलता बोलता मला वाटलं, विषय चांगला रंगतोय. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

"पैसे नाही लावत?" पाहुण्यांनी विचारलं.

"मुळीच नाही."

"मंग काहून खेळता?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी ते बराच वेळ दिलं.

पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे खाल्ले, दंडार पाहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले. त्यांना पोचवून मामा परत आले ते थेट स्वयंपाकघरात गेले. मी आडून ऐकत होतो. आईनं विचारलं, काय म्हणाले?

"म्हणे, जुवा खेळत असता तं चाललं असतं. लगन झालं का सुटते. पण हा तं समजावून सांगते."

"मंग? नाई म्हणाले?"

"याले नाई म्हणाले." मामा घुटमळले. "त्या दुसऱ्याचं विचारून राहिले होते. म्हणे, त्यानं लपवले. म्हंजे त्याले समजते तरी."

आईनं माझ्याकडून तो फोटो मागून घेतला, पदरानं पुसला आणि काकूकडे नेऊन दिला.

प्रशांतचं लग्न उन्हाळ्यात झालं. पंगतीत वांग्याची भाजी वाढायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी कोणालाही काहीही न समजावता पार पाडलं.