मीठ घातलेला बर्फ

बोरी बुद्रुकचा रखमाजी आधी ओझरला चतुर्थीच्या गर्दीत कुल्फी विकायचा. बर्फात खडेमीठ मिसळून असा डबा भरायचा, की संध्याकाळपर्यंत कुल्फी दगडासारखी राही. पुढे तो पुण्यातल्या एका दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर लागला. माणूस सरळ, काळजी मात्र जरा जास्तच करणारा.

शिनोलीच्या लंकाबाईंचा मुलगा आदेश मोटारसायकलवरून पडला. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्या माउलीनं अवयव द्यायला होकार दिला. त्याचं स्वादुपिंड मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम रखमाजीकडे आलं. त्यातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी काढून एका मधुमेही मुलीला द्यायच्या होत्या. घाटात गाड्या तुंबल्या. पेटीतल्या बर्फाचं पाणी होताना दिसलं आणि रखमाजीचा जुना हात चालला. टपरीवरून बर्फ घेतला, खडेमीठ घेतलं, पेटी गच्च भरली. स्वादुपिंड थंड ठेवायचं असतं, गोठवायचं नसतं. ते गोठलं. पेशी मेल्या. त्यानं प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना तिथंच सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते खुर्चीत बसले.

आदेशच्या दहाव्याला सगळे नदीकाठी जमले. रखमाजीही आला होता. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना.

"काय राह्यलंय पोराचं?" म्हातारे एकमेकांना विचारू लागले.

लंकाबाई रखमाजीकडे वळल्या. "भाऊ, तुमी न्हेलं ना? मंग तुमीच सांगा त्याला, त्या पोरीला मिळालं म्हणून."

रखमाजीनं टोपी काढली. मेलेल्या पोराशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"ताई, मिळालं न्हाई. माझ्या हातानं वाया गेलं. बर्फात मीठ घातलं मी."

"मीठ?" भावकीतला चिमाजी म्हणाला. "आरं, कुल्फी व्हती का ती?"

कुणी हसलं नाही. लंकाबाई रखमाजीच्या हातांकडे बघत राहिल्या.

"किडन्या कुणी न्हेल्या?"

"दुसऱ्या गाडीनं गेल्या. पोचल्या, ताई. दोन माणसांना बसवल्या."

"मंग तेवढंच सांगते." त्या पिंडाशी वाकल्या. "आदेश, किडन्या पोचल्या रं बाळा."

तरीही कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

रखमाजी मागच्या मागे निघाला, तोच लंकाबाईंची हाक आली, "जेवल्याबिगर जायचं न्हाई, भाऊ."

तो पंगतीच्या टोकाला बसला. लंकाबाईंची जाऊ गोजरबाई मीठ वाढत आली. त्याच्या पानाशी ती थबकली, आणि मीठ न वाढताच पुढे गेली.

रखमाजीनं मागितलं नाही. मान खाली घालून तो अळणी भात जेवला.